बाळकृष्ण समुद्र बघून आला

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज आलं ते:
वन्संचं कुरिअर, पुण्याहून. नवा पितळी बाळकृष्ण. किंमत त्यांनी सांगितली नाही, पण डबीच्या बुडाचा कागद काढायचा राहिला. ६५०. सोबत बाकरवडी, निम्मी मोडलेली.
बाजारातून दोन टोप्या, १२०. (दोनशे सांगत होता. मी पुढे चालू लागले, मग "आंटी, आंटी" करत मागे आला.)
पाण्यात घालायच्या रबरी चपला, दोन जोड, २४०. ह्यांच्या निळ्या. माझ्या मापात गुलाबीच होत्या.
राजगिरा अर्धा किलो, गूळ.

नवा बाळकृष्ण चांगला आहे. गुबगुबीत. जरा जास्तच चकचकीत. अजून देव्हाऱ्यात ठेवलेला नाही. जुना तिथून हललेला नाही, मग ह्याला कुठे बसवू?

जुना म्हणजे माझ्या लग्नात आईने अन्नपूर्णेबरोबर दिलेला, रांगता. गेल्या महिन्यात चिंचेने घासताना त्याचा लोण्याचा गोळा धरलेला हात मनगटापासून निघाला आणि माझ्या मुठीत राहिला. पडला नाही, आपटला नाही. रोज घासून घासून तिथे तारेएवढा बारीक झाला होता. मी मेली स्वच्छतेची हौशी.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. फोनवर म्हणाल्या, "सुमन, भंगलेला देव घरात ठेवायचा नसतो. त्यात केतकी बाळंतपणाला येणार. वाहत्या नाहीतर खोल पाण्यात सोड, मी नवा पाठवते." खोटं काही नाही त्यात. आईही हेच सांगायची, फुटक्या तसबिरींचं.

केतकीला सातवा लागलाय. एप्रिलमध्ये गुडगावहून इकडे दिल्लीला आमच्या क्वार्टरवर येईल. त्याच्या आत हे व्हायला हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संकष्टी

यमुनेवर जाऊन आले होते ते लिहायचं राहिलं. मागच्या रविवारी हे आणि मी. पाण्यावर पांढरा फेस, साबणाच्या पाण्यासारखा, आणि खाली काळं. पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. ह्यांना म्हटलं, इथे मी माझं पायपुसणंसुद्धा धुणार नाही. रिक्षा करून परत.  घरात शिरता शिरता हे म्हणाले, "आपण समुद्रावर तर चाललोच आहोत. समुद्र मोठा आहे. त्याला जागा मिळेल."

हे जुलैत रिटायर होतात. एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चाची सहल, उरली होती. त्यांच्या ऑफिसात टेबलासमोर एका बेटाचं कॅलेंडर होतं, ते वर्ष संपलं तरी ह्यांनी काढलं नाही. निळं पाणी, एक होडी. तिथेच जायचं म्हणाले. लक्षद्वीप. परमिट आलं परवा.

चंद्र ९ वाजून गेल्यावर दिसला. ढगात होता.

७ फेब्रुवारी, शनि.

आईचं कार्ड आलं कऱ्हाडहून. फोन तिला ऐकू येत नाही, म्हणून आमचं अजून टपालानेच. अक्षर आता फार हलतं. केतकीला काय खायला घालायचं ते सगळं लिहिलंय (खारीक, डिंक, आणि "उन्हात बसू दे"). जावयांची तब्येत. माझे गुडघे. आणि शेवटी नेहमीसारखं, "बाळकृष्ण बरा आहे ना?"

दर कार्डात विचारते. घरातलं माणूस असल्यासारखं.

उत्तरात लिहिलं, सगळे बरे आहेत, आम्ही सहलीला चाललो. बाळकृष्णाचं काहीच लिहिलं नाही. बरा आहे असं लिहवेना. नाही असंही लिहवेना. कार्ड पेटीत टाकलं आणि दिवसभर कशात लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा.

९ फेब्रुवारी, सोम.

बांधाबांध. राजगिऱ्याचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात. शेंगदाणे, थेपले, लोणचं पक्क्या झाकणाचं. तिकडे सगळं मासळीवर चालतं म्हणे.

बाळकृष्णाला लाल खणात गुंडाळून लहान डब्यात ठेवलं. हात मात्र वेगळा, माझ्या रुमालाच्या गाठीत. दोन्ही एकत्रच सोडायला हवं खरं तर. का वेगळा बांधला, देवाला ठाऊक.

निघताना नवा बाळकृष्ण अन्नपूर्णेशेजारी ठेवला. शेजारच्या मिसेस भाटिया दिवा लावणार आहेत आठवडाभर. त्यांना सांगितलं, नवा आहे, त्याला सवय नाही.

१० फेब्रुवारी, मंगळ. कोची

विमानतळावर मशीनमधून पिशवी गेली आणि थांबवली. वर्दीतली पोरगी म्हणते, "माताजी, डिब्बे में मेटल का क्या है?" म्हटलं, "बालकृष्ण." ती म्हणे, "खोलिए." रांगेत मागे पन्नास माणसं. खण सोडला. तिने बघितलं, हातमोजा काढला, नमस्कार केला, आणि म्हणाली, "इनका हाथ?" मी म्हटलं, "अलग है." रुमालाची गाठही सोडायला लावली. मग तिने मागच्या बाईला सांगितलं, "सब ठीक है, दोनों एक ही के हैं."

हे पलीकडे पट्टा बांधत हसत होते. "तुझा देव सिक्युरिटी क्लिअर झाला ग."

खोली बरी. गरम पाणी आहे. दिल्लीत स्वेटर, इथे पंखा.

११ फेब्रुवारी, बुध. अगत्ती बेट

छोटं विमान. खिडकीतून बेट दिसलं ते एवढंसं, लांबट, पडवळासारखं. भोवती पाणी हिरवं, मग फिकट निळं, आणि मग एकदम गडद. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते, ह्यांनी दंड हलवून हलवून बघायला लावलं. बरं झालं लावलं.

राहायला एका घराच्या मागच्या दोन खोल्या. घरातली बाई फार प्रेमळ. तिला हिंदी येत नाही, मला मल्याळम नाही. मी शाकाहारी हे हातवाऱ्यांनी सांगितलं (मासा दाखवला, मग कान धरले). तिला वाटलं मी माशाची माफी मागते. पोट धरून हसली. मग भात, नारळाची चटणी, पापड, केळी. झकास.

सगळे मुसलमान इथे. बांग होते तेव्हा मी माझं संध्याकाळचं म्हणून घेते. वेळ बरोबर जुळते.

उद्या होडी. होडीवाला भेटून गेला, मुत्तुकोया नाव. पन्नाशीचा असेल, काळा, हसरा. नियम सांगितले: शंख उचलायचा नाही, पोवळ्यावर पाय द्यायचा नाही, पाण्यात काही टाकायचं नाही. "कुछ भी नहीं, अम्मा. फूल भी नहीं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पापडाकडे.

१२ फेब्रुवारी, गुरु.

नीट लिहून ठेवते, नाहीतर हे आपल्या परीने सांगत सुटतील.

सकाळी पूजा करून निघालो. डबा पिशवीत, रुमाल कमरेला. मुठीत अक्षता धरल्या होत्या, नियम आठवला आणि पर्समध्ये टाकल्या. होडीच्या मधोमध काच बसवलेली, तिच्यातून खालचं दिसतं. काचेची गरज काय तेच कळेना. पाणी म्हणजे पाणी वाटतच नाही. होडी हवेत टांगल्यासारखी, आणि तिची सावली खाली वाळूवर आपल्याबरोबर सरकते. पिवळे मासे, काळ्या पट्ट्यांचे, एक तर हुबेहूब माझ्या आकाशी पैठणीच्या काठाचा. पोवळी दिसली, फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी. एक कासव गेलं, आमच्याकडे न बघता. ऑफिसला उशीर झालेल्या माणसासारखं.

मी विचारलं, "भैया, गहरा पानी किधर है?" मुत्तुकोया म्हणाला, "यहाँ सब ऐसा ही है अम्मा. गला तक. आप भी खड़ा हो सकता." समुद्र म्हणजे खोल असंच धरून चालले होते मी. कॅलेंडरवर काय कळतं.

नांगर टाकला. हे फुगीर जाकीट घालून उतरले, लहान मुलासारखे ओरडायला लागले, "अगं ये, ये, माशांनी गुदगुल्या केल्या!" मुत्तुकोया त्यांच्याजवळ. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. म्हटलं, आत्ताच.

नियम मोडला हे खरं. पण टाकलं नाही. वाकून, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून, हळूच सोडलं.

तो गेला सरळ खाली, आणि वाळूवर बसला. उताणा नाही, आडवा नाही. गुडघ्यावर, एक हात टेकून, मान वर. आईच्या ओसरीवर रांगत असावा तसा. आणि दिसतोय! पार पायाच्या बोटांपर्यंत. पाणी हललं की हा पुढे सरकतोय असं वाटे. एक बारका मासा त्याच्याभोवती फिरायला लागला. मी नमस्कार केला, डोळे मिटले, उघडले. तो तिथेच. तोंड फिरवून बसले. परत बघितलं. तिथेच.

विसर्जन म्हणजे दिसेनासं व्हायला हवं ना? हा तर माझ्याकडे बघत होता.

मला रडू आलं ते आलंच.

तेवढ्यात मुत्तुकोया होडीकडे आला. त्याने खाली बघितलं, "अरे!" म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत बुडी मारून त्याला घेऊन वर. दोन्ही तळव्यांत. "अम्मा, आपका बच्चा गिर गया."

बच्चा म्हणाला. देव आहे हे त्याला माहीत होतं की नाही कोण जाणे. मग त्याने हात मोडलेला बघितला आणि चेहराच पडला. "गिरने से टूटा! रुको." बाळकृष्ण माझ्या मांडीवर ठेवला, पाण्यातला चष्मा लावला आणि परत खाली. वर आला, श्वास घेतला, परत खाली. दोन्ही हातांनी वाळू चाळतोय. ह्यांनाही त्याने कामाला लावलं. हे फुगीर जाकिटात, बुडता येईना, वरूनच तरंगत "कुठे पडला, कुठे पडला" करतायत. मी ओल्या बाळकृष्णाला धरून बसलेली आणि कमरेला रुमालात हात.  लाजेने मेले.

पाचव्यांदा की सहाव्यांदा तो वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते त्याचे. तेव्हा म्हटलं, "भैया, बस. हाथ मेरे पास है."

"आपके पास?"

गाठ सोडून दाखवला.

त्याने हाताकडे बघितलं, बाळकृष्णाकडे, माझ्याकडे. मग ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "मुझे मत देखो भाई. मैं छत्तीस साल से पूछ रहा हूँ." मुत्तुकोया असा हसला की होडी डुगडुगली. मी पण हसले. रडत रडतच.

मग हिंदीत सगळं सांगितलं, जमेल तसं. आईने दिला, हात गेला, घरी लेक येणार, खोल पाणी पाहिजे. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "इधर डालेगा तो कोई भी उठा के देगा. आपको बाहर जाना होगा, रीफ के बाहर. उधर काला पानी. उधर से कुछ वापस नहीं आता." उद्या नेतो म्हणाला. नमाजानंतर.

संध्या. गुलाबी चपलेत वाळू. बाळकृष्णाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत वाळू. ब्रशने काढली, थोडी राहिली.

१३ फेब्रुवारी, शुक्र. एकादशी

उपास. शहाळी दोन, केळी, लाडू. यजमानीणबाईला उपास कळला, तिने बोटांनी रोज्याचे दिवस दाखवले, पुढच्या आठवड्यात त्यांचे सुरू. मग तिनेच अजून एक शहाळं फोडलं.

नमाज झाल्यावर निघालो. हिरवं संपलं, फिकट निळं संपलं. लाटा फुटतात ती पोवळ्याची पांढरी रेघ, तीच रीफ, तिच्यातली एक वाट मुत्तुकोयाला माहीत. होडी उडाली दोनदा. बाहेर पडलो आणि पाणी एकदम शाईसारखं. त्याने इंजिन बंद केलं. किती शांत. होडी नुसती वर-खाली.

"इधर छोड़ो अम्मा."

डबा उघडला. खण ओलसरच होता कालचा. त्याला दोन्ही हातांत घेतलं, रुमालातला हात काढून त्याच्या पोटाशी ठेवला. ह्या वेळी दोन्ही एकत्र, ठरवून. काठावर वाकले.

खाली काहीही नाही. माझं तोंडसुद्धा दिसेना. काल तो दिसत होता म्हणून जीव तुटत होता. आज वाटलं, इथे हा अंधारात कुठवर जात राहील. कुणी बघायला नाही. रांगणारं पोर.

किती वेळ गेला कळलं नाही. हे म्हणाले, "सुमन, करायचं ते कर बाई लवकर, मला मळमळतंय."

मी म्हटलं, "चला परत."

 मुत्तुकोया "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि त्याने इंजिनाची दोरी ओढली. ह्यांना मात्र लाटांत उलटी झालीच. आत शांत पाण्यात आल्यावर लिंबू दिलं.

वन्संना काय सांगू? आणि केतकीचं? देवाचा राग नको यायला लेकरावर. पण मग मला असंही वाटतं, राग यायचा तर तो पाण्यात टाकल्याचा का नाही येणार?

मुत्तुकोयाला निघताना उरलेले लाडू दिले. जादा फेरीचे पैसे घेईना. "बच्चे को घुमाया," म्हणाला.

१६ फेब्रुवारी, सोम. दिल्ली

काल शिवरात्र प्रवासातच गेली, विमानतळावर बसून जप केला. घरी पोचलो. भाटियाबाईंनी दिवा नीट लावला होता. नव्या बाळकृष्णापुढे एक टॉफीही ठेवलेली. दूध पिशव्या, भाजी, धोबी, सगळं उद्या लिहीन.

वन्संचा फोन. "झालं का ग विसर्जन?" मी म्हटलं, "हो, पाण्यात सोडला होता." होता म्हटलं. त्या म्हणाल्या, "चला, सुटलो." खोटं बोलले नाही, पण खरंही नाही. रात्री हे म्हणाले, "तुझ्या ह्या उत्तराला आमच्या ऑफिसात चांगला भाव आला असता."

सध्या नवा देव्हाऱ्यात, जुना कपाटात डब्यात. दाराआड कुणीतरी जागं असल्यासारखं वाटतं.

१८ फेब्रुवारी, बुध.

केतकी आली होती दुपारी, हाफ डे टाकून. पोट चांगलंच दिसतंय. चालताना मागे हात. बघून बरं वाटलं. फोटो दाखवले. मग डबा काढला, सगळं सांगितलं तिला. लपवून किती दिवस लपवणार, ती तर इथेच येणार.

ऐकून म्हणाली, "म्हणजे यार आई, तू ह्याला समुद्र दाखवून आणलंस, विमानातून? आणि मला कधी आग्र्याच्या पुढे नेलं नाहीस." मग त्याला हातात घेऊन उलटासुलटा करत, "हा तोच ना, मी चावायचे तो?"

विसरलेच होते मी. दात येताना ही देव्हाऱ्यातून ह्यालाच उचलायची, बाकी कुणाला नाही. मी ओरडले तर आई म्हणाली होती, "खेळू दे, दोघं एका वयाची आहेत."

म्हटलं, "आत्या म्हणतात, तुझ्यासाठी बरं नाही." ती म्हणाली, "आत्याचं बिल्कुल ऐक, पण आजीला विचार ना. आजीचा आहे तो." इतकं साधं. मला महिनाभर सुचलं नाही. सुचलं नाही की सुचू दिलं नाही, कोण जाणे. आईला वाईट वाटेल, एवढंच धरून बसले.

जाताना वाकून बघितलं तिने त्याच्याकडे. "आई, ह्याच्या मानेखाली अजून वाळू आहे." असू दे म्हटलं.

२० फेब्रुवारी, शुक्र.

आईला लिहिलं. कार्ड पुरलं नाही, आंतर्देशीय घेतलं. अक्षर मोठं काढलं, तिला भिंगाने वाचावं लागतं. पेटीत टाकण्याआधी शेवटचं इथे उतरून ठेवते, मागे काय लिहिलं ते नंतर आठवत नाही मला:

"…तर बाळकृष्ण बरा आहे का म्हणून तू विचारलंस, त्याचं उत्तर मागच्या कार्डात दिलं नाही. त्याचा लोण्याचा हात निघाला आहे. माझ्याच हातात निघाला, घासताना. वन्सं म्हणतात सोडावा. मी समुद्रात दोनदा सोडायला गेले, एकदा तो मला दिसत राहिला आणि एकदा दिसेनासा होणार होता, दोन्ही वेळा परत घेऊन आले. तो तू दिलेला आहे, तेव्हा तूच सांग. सोड म्हणालीस तर सोडीन, ह्या वेळी वळून बघणार नाही. ठेव म्हणालीस तर सोनाराकडून हात जोडून घेते आणि केतकीचं बाळ येईल तेव्हा त्याच्याशेजारी ठेवते, वन्संना मी बघते. जोडलेला देव पूजेत चालतो का, तेही लिही. तुझ्या आईने काय केलं असतं, आठवत असेल तर तेही. केतकी मजेत आहे, खारीक खाते. तू रागावणार नाहीस असं वाटतं, पण रागावलीस तरी लिही. उन्हात बसत जा. हात माझ्याजवळ रुमालात आहे, तुझं पत्र येईपर्यंत गाठ सोडणार नाही. उलट टपाली कळव."